निळा मणी, थर सातवा

६ जानेवारी

खणायला आलेल्या एका मुलीनं आज काचेचा मणी खापऱ्या धुवायच्या टबात टाकला. टबात! दात घासायच्या ब्रशानं घासत होती, वर गुणगुणत होती. मी हातातून काढूनच घेतला. म्हटलं, "अगं, खापऱ्या धुतात. विटांचे तुकडे धुतात. मणी, नाणं, धातूचा तुकडा यांना पाणी दाखवायचंसुद्धा नाही. कोरडे ठेवायचे, कापसात." ती म्हणाली, "हो का? सॉरी हं."

सॉरी हं! शेकडो वर्षं मातीत सुखरूप राहिलेल्या वस्तूला दोन मिनिटांत आंघोळ घातली आणि सॉरी हं.

मुदतीआधीच निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. संग्रहालयानं परत बोलावलं, कारण जुन्या उत्खननाच्या पेट्यांच्या याद्या माझ्याशिवाय कोणाला उलगडत नाहीत. कागदावर "सल्लागार" लिहिलं आहे. खुर्ची प्लॅस्टिकची. एक पाय आखूड.

८ जानेवारी

तेच टेकाड, तोच चर. चौतीस वर्षांपूर्वी तेव्हाचे प्रमुख, आमच्या सरांनी खणला, काम संपल्यावर बुजवला. आता ही मंडळी तो परत उकरून सरांच्या चुका शोधणार. तोंडानं म्हणतात "पुनर्तपासणी". मला ऐकायला कमी येतं, समजायला नाही.

प्रमुख एक डॉक्टरबाई आहे. चाळिशीचीही नसेल. मोठे बूट, बारा खिशांचं जाकीट, प्रत्येक खिशात काहीतरी खुळखुळतं. माती तीन-तीनदा चाळते. एकदा जाड चाळणीनं, मग बारीक, मग पाण्यातून. दिवसभरात हातभर खोदकाम होत नाही. मी तिचं नाव चाळणी ठेवलं आहे — इथेच, या वहीत.

आल्या आल्या मला म्हणाली, "मावशी, तुम्ही सावलीत बसा." मावशी! मी हिच्या आईला पाहिलेलंसुद्धा नाही.

डोक्यावर ते घोंघावणारं विमान फिरत असतं. सर शिडीवर चढून फोटो काढायचे. शिडी मुकादम धरायचा आणि मुकादमाचा शर्ट मी.

९ जानेवारी

सरांची आठवण झाली म्हणून लिहिते. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हातात एक फुटकी पणती ठेवली आणि विचारलं, "ही काय आहे?" मी म्हटलं, "पणती." "चूक. कुठे सापडली ते सांगितल्याशिवाय ही काहीच नाही. चुलीशेजारी सापडली तर स्वयंपाकघरातली. कवटीशेजारी सापडली तर गोष्ट वेगळी. उकिरड्यात सापडली तर कोणालाच नको होती. वस्तू बोलत नाही, बाई. शेजारपाजार बोलतो."

तेवीस वर्षांची होते. कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमधून आणि मग सिस्टरांच्याच कॉलेजातून बाहेर पडून फार दिवस झाले नव्हते. इतकं सुंदर कोणी बोलू शकतं हेच माहीत नव्हतं.

चाळणीही हेच सांगते पोरांना. पण कसं — "संदर्भ गेला की डेटा गेला." डेटा! जेवणात दगड लागावा तसं.

११ जानेवारी

आज कळलं सगळं. मण्यासाठी आले आहेत हे लोक.

सरांचा निळा मणी. काचेचा, वाटाण्याएवढा, भोवती पांढरी कडी. असे मणी समुद्रापलीकडे होत असत. सरांना तो सातव्या थरात मिळाला. म्हणजे खूप खाली, खूप जुना. त्यावरून सरांनी दाखवून दिलं की इथली माणसं सगळे समजत होते त्याच्या चारशे वर्षं आधीपासून समुद्रापार व्यापार करत होती. एवढासा मणी आणि चारशे वर्षं! त्यावर सरांचं पुस्तक झालं. शाळेच्या पुस्तकात परिच्छेद आला. मणी गेला संग्रहालयाच्या काचेच्या पेटीत, मधोमध, त्याला एकट्याला एक दिवा.

चाळणीनं मागच्या वर्षी त्या काचेची तपासणी करून घेतली. म्हणते काचेतला मालमसाला उशिराच्या काळातला आहे. त्या चारशे वर्षांत अशी काच कोणी करतच नव्हतं. "मणी वरच्या थरातला असणार, मावशी. दुसऱ्या किंवा तिसऱ्या. एक तर उंदराच्या बिळातून खाली घरंगळला, नाहीतर..."

"नाहीतर काय?"

"नाहीतर त्याला बांधलेली थराची चिठ्ठी चुकली."

चिठ्ठ्या मी लिहीत होते. खणण्याचे चारही मोसम. एकटी मी.

तिला हे माहीत होतं. बोलताना बुटांकडे बघत होती, एवढी लाज शिल्लक आहे म्हणायची.

१२ जानेवारी

ताईला सांगितलं. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. जन्मभर इस्पितळात नर्स होती. तिला कशाचंच नवल नाही. लसूण सोलत म्हणाली, "चिठ्ठी चुकते गं छोटे. आमच्याकडे दोन बाळांच्या पट्ट्या बदलल्या होत्या एकदा."

"मग?"

"मग आयांनी ओळखली. तुझ्या मण्याला आई आहे का कुठे?"

हसली स्वतःच. मी जेवले नाही. जेवले, पण कमी.

१४ जानेवारी

माझ्या हातून चिठ्ठी चुकलेली नाही. कशी लिहायचे ते इथे लिहून ठेवते, म्हणजे माझं मलाच पुन्हा सांगावं लागणार नाही.

चरातून वस्तू यायची, सोबत खणणाऱ्याचा मळका कपटा. त्यावर चर, थर, खोली. ते वाचून मी चांगल्या कागदावर, काळ्या शाईनं नीट चिठ्ठी लिहायची आणि पिशवीला बांधायची. दिवसाला साठ-सत्तर. संध्याकाळी त्या चिठ्ठ्यांवरून सर रजिस्टर भरायचे. छोट्या वस्तू कॅमेऱ्याच्या रिळाच्या डबीत, कापसावर, डबी पिशवीत.

त्या निळ्या मण्याची चिठ्ठी तर मला जन्मात विसरता येणार नाही. दुपार होती. तंबूत मी एकटीच होते. सर आत आले — हातात दोन कप चहा! स्वतः आणलेला. एक माझ्यापुढे ठेवला. म्हणाले, "बाई, या मण्याची चिठ्ठी टबात पडली हो, भिजून लगदा झाला. दुसरी लिहून द्याल? तुमच्याच अक्षरात हवी. तुमचं अक्षर पाहिलं की खणल्याचं सार्थक वाटतं." मग समोर बसून त्यांनी एकेक शब्द सांगितला आणि मी लिहिला. निळा काचेचा मणी. चर तिसरा. थर सातवा. सर माझ्या हाताकडे बघत होते. शाई वाळेपर्यंत थांबले. दोघांनी चहा संपवला. बाहेर मुकादम कोणाला तरी ओरडत होता.

बस, एवढंच. दुसरं काही घडलं नाही कधी. पुढच्या वर्षी सरांचं लग्न झालं, मी साडी नेसून गेले, पेन भेट दिलं.

ताई म्हणते, "चौतीस वर्षांत एक कप चहा, आणि त्यावर तू अजून तगून आहेस." म्हणू दे. तिच्या वाट्याला तोही आला नाही.

१७ जानेवारी

मुकादमाला आणलं आज. पंच्याहत्तरीला टेकला, पाठीचं धनुष्य झालं आहे. पण चरात उतरला तो कोणाचा हात न धरता. ड्रोनवाला मदतीला धावला तर म्हणाला, "तुमचं विमान सांभाळा साहेब, मी पायांनी जातो."

खुरपीच्या पाठीनं चराची भिंत घासली. सगळे थर वर आले, दुधावरच्या सायीसारखे एकावर एक. मान तिरपी करून बघत राहिला. चाळणीनं विचारलं, "मामा, बीळ असेल का इथे? उंदराचं, घुशीचं?"

"बीळ असतं तर माती पोकळ लागली असती. रंग बदलला असता. नाही. तेव्हाही नव्हतं."

"म्हणजे मणी वरून खाली आला नाही?"

"आला नाही."

बघा! मी चाळणीकडे असं पाहिलं की सिस्टर हेडमिस्ट्रेसला माझा अभिमान वाटला असता.

मग तिनं विचारलं, "मग सातव्या थरातच मिळाला? तुम्ही पाहिला होता?"

मुकादम खुरपी पुसायला लागला. पुसून झाली तरी पुसत राहिला. "सर म्हणाले तेच खरं," म्हणाला. वर येताना माझ्याकडे बघितलंही नाही. म्हातारा झाला. थकला असेल.

२० जानेवारी

अहवालाचा कच्चा मसुदा टेबलावर पडला होता. वाचायला नको होता. वाचला.

"बिळाची शक्यता आढळत नाही. मण्याची थर-नोंद ही नोंदणीच्या वेळी झालेली मानवी चूक असण्याचा संभव अधिक."

मानवी चूक! तो मानव म्हणजे मी. सबंध टेकाडावर मानव एकच, बाकीचे गंधर्व.

चाळणीला विचारलं, "हे छापणार?" तर म्हणाली, "मावशी, तुमच्याकडे दुसरं काही असेल तर दाखवा. मी आनंदानं बदलेन." आनंदानं! हिला आनंद कशाचा होतो देव जाणे. काल एक उंदराचा दात सापडला तेव्हा झाला होता.

आयुष्यात मिरवावं असं माझ्याकडे एकच आहे: चार मोसम, हजारो चिठ्ठ्या, एक चूक नाही. नवरा नाही, मूल नाही, नावावर पुस्तक नाही. एवढंही राहू देणार नाहीत.

२२ जानेवारी

सरांकडे गेले होते. मोठी मुलगी आता त्यांच्याजवळ राहते, तिनं दार उघडलं. सर खिडकीपाशी, गुडघ्यावर शाल. शरीर अर्धं झालं आहे, डोळे तेच. मला वाटलं होतं भडकतील. टेबलावर मूठ आपटतील. "माझ्या बाईंच्या चिठ्ठीवर शंका घेतात?" — रस्ताभर हे वाक्य मी त्यांच्या आवाजात ऐकत गेले. लाज वाटते लिहायला, पण खरं आहे.

सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "होतं असं. तुम्ही तेव्हा लहान होता. दिवसाला सत्तर चिठ्ठ्या म्हणजे गंमत नाही."

"सर, माझी चूक नव्हती."

"अहो, कोण तुम्हाला फासावर देतंय? चिठ्ठी चुकली म्हणू दे त्यांना. तुमचं काय जातंय?"

मग त्यांनी विचारलं, "ती डबी वगैरे आहे का अजून? मण्याची?"

"असेल. रिकामीच. मणी तुम्हीच काढून संग्रहालयाला दिला होता."

"मग टाकून द्या आता. जुना कचरा कशाला."

सर आणि टाकून द्या! एक खापरी हरवली तर जेवायचे नाहीत. वय वाईट. मुलीनं चहा आणला, पण तोवर मी चपला घातल्या होत्या.

२३ जानेवारी

तुमचं काय जातंय!

२४ जानेवारी

रात्रभर तेच. पहाटे एकदम आठवलं, आणि स्वतःला थोबाडीत मारावीशी वाटली.

आतली चिठ्ठी!

बोर्डिंगमध्ये सिस्टर आमच्याकडून प्रत्येक वस्तूवर आतून नाव लिहून घ्यायची. कॉलरच्या आत, बुटाच्या जिभेच्या आत, कंपासपेटीच्या तळाला. "बाहेरचं पुसलं जातं मुलींनो, आत लिहा." टेकाडावर हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पण हाताला सवय. छोट्या वस्तूच्या डबीत, कापसाच्या खाली, मी त्याच वेळी दुसरी बारीक चिठ्ठी घडी करून ठेवायचे. सरांनाही सांगितलं नव्हतं. कागद फार वापरते म्हणाले असते.

मण्याची बाहेरची चिठ्ठी भिजली, आतली थोडीच भिजली असेल. ती पहिल्या दिवसाची. त्यावर सातवा थर असेल आणि चाळणीच्या मसुद्याचा बोळा करता येईल. माझ्या हातानं, तिच्यासमोर.

२५ जानेवारी

जुन्या पेट्या नव्या इमारतीच्या तळघरात हलवल्या आहेत. हलवणाऱ्यांनी क्रम लावला तो पेट्यांच्या आकारावरून! मोठ्या खाली, लहान वर. तांब्याभांडी लावतात तशा. दोनशे अकरा पेट्या.

२६ जानेवारी

अठ्ठावीस झाल्या. शिंका.

२८ जानेवारी

चाळणी तळघरात आली. काय शोधताय विचारलं नाही. जाकीट काढलं, बाह्या सरसावल्या आणि वरच्या पेट्या उतरवून द्यायला लागली. तास-दीड तास. जाताना म्हणाली, "मावशी, तुमचं अक्षर काय आहे हो! एकेक चिठ्ठी फ्रेम करावी." अक्षराचं कौतुक आणि माणसाला मानवी चूक! पुरे हं.

तरी तिनं पेट्या धरल्या दोन्ही हातांनी, खालून. तेवढं येतं तिला.

३० जानेवारी

पेटी एकशे त्रेचाळीस. पिशवी पिवळी पडली आहे. बाहेरची चिठ्ठी जागेवर, माझी, सुरेख — थर सातवा. आत डबी. झाकण घट्ट बसलं होतं, नखानं काढलं. कापसात मण्याचा खळगा अजून तसाच, वाटाण्याएवढा. जणू काल उचलला.

कापूस उचलला. खाली घडी.

निळा काचेचा मणी. चर तिसरा. थर दुसरा. वरची भुसभुशीत माती.

अक्षर माझंच. तारीख त्या चहाच्या आदल्या दिवसाची. कोरडी, खुटखुटीत, डाग नाही.

तिथेच बसले पेटीवर.

मणी टबाजवळ जातच नाही. कापसात जातो. कोरडा. डबी पिशवीत, चिठ्ठी पिशवीला बांधलेली. मग ती टबात पडलीच कशी? परवापरवा त्या पोरीला ओरडले तेच मी, तसल्याच टबाशेजारी. तेवीस वर्षांच्या वयातही मला हे ठाऊक होतं! ठाऊक असून लिहिलं. कारण समोर चहा होता आणि कोणीतरी माझ्या हाताकडे बघत होतं.

किती हुशार बाई! थर ओळखते, खापरी ओळखते, धूळ पाहून काळ सांगते. एक दुपार तेवढी चौतीस वर्षं काचेच्या पेटीत ठेवली, दिवा लावून. कुठे सापडली, कशाशेजारी सापडली, कधी तपासली नाही.

वस्तू बोलत नाही. शेजारपाजार बोलतो. त्यांचंच वाक्य.

३१ जानेवारी

डबी पिशवीसकट घरी आणली आहे. असं करायचं नसतं. आणली.

१ फेब्रुवारी

ताईला दाखवली. मला वाटलं हसेल. दोन्ही चिठ्ठ्या तिनं चष्म्याशी धरून वाचल्या. मग चहा ठेवला, माझा आणि तिचा, आणि माझ्यासमोर बसली. म्हणाली, "ही आतली जाळलीस तर त्यांचं नाव राहतं, तुझं जातं. दिलीस तर तुझं राहतं, त्यांचं जातं."

"माझं नाही राहत, ताई. बाहेरची पण मीच लिहिली आहे."

"सांगितलं म्हणून लिहिलीस."

"लिहिली तर मीच."

काडेपेटी ओट्यावरच होती. ताईनं ती उचलली आणि फडताळात ठेवली.

२ फेब्रुवारी

तिसरी चिठ्ठी लिहिली. चांगला कागद, काळी शाई. "बाहेरची चिठ्ठी मी दुसऱ्या दिवशी सांगण्यावरून लिहिली. पहिली भिजल्याचं सांगितलं होतं. मी खात्री केली नाही. आतली चिठ्ठी खरी." खाली सही केली. हजारो चिठ्ठ्यांत एकीवरही माझी सही नव्हती. अक्षर पूर्वीसारखं आलं नाही.

तिन्ही घडी करून कापसाखाली ठेवल्या. झाकण लावलं.

उद्या चाळणीला देईन; ती वरवर बघून रिकामी डबी म्हणून परत देईल तर देऊ दे. मी कापूस उचला म्हणून सांगणार नाही.

३ फेब्रुवारी

डबी चाळणीच्या हातात दिली. तिनं झाकण उघडलं, खळग्याकडे बघितलं, खिशातून चिमटा काढला आणि कापूस उचलला.

तिन्ही वाचल्या. दोनदा. स्वतःची खुर्ची माझ्याकडे सरकवली, चार पाय सारखे असलेली.

"मावशी, बसा."

बसले.